किनाऱ्यावरचा हवाई पहारा

[दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारताच्या समुद्रकिनाऱ्यावर विमानांतून पहारा ठेवला जात असे. हे काम प्रामुख्याने तरुण स्वयंसेवक वैमानिकांनी केले. पहारा देता देताच ते आपली विद्याही शिकत होते. त्या कमी माहीत असलेल्या तुकड्यांची ओळख या पाठात करून दिली आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, एक गंमत पाहा. उर्दूत ‘दरिया’ म्हणजे नदी आणि मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र. शब्द एकच, फारसीतून दोन्ही भाषांत आलेला. पण उर्दूत तो आपल्या पवना नदीला लागू पडतो, तर मराठीत अरबी समुद्राला! जहाज, बंदर, किनारा, खलाशी, हवा, लष्कर हे शब्दही असेच अरबी-फारसीतून आले आणि दोन्ही भाषांत रुळले. आजच्या पाठात हे सारे शब्द तुम्हांला भेटणार आहेत.

पिंपरीत पवना आहे. दर्या मात्र येथून सरळ रेषेत सुमारे 100 किलोमीटर दूर आहे. मध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. तेव्हा समुद्राच्या पहाऱ्याशी आपला काय संबंध, असे तुम्हांला वाटेल. पण आपल्या गावापासून जवळच असलेल्या लोहगावच्या विमानतळाचा इतिहास पाहा. 1939 मध्ये तो उभारला गेला, तो मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी. मुंबईचे बंदर समुद्राकाठी, पण त्याची राखण करणारा तळ घाटावर! विमानाला घाट चढावा लागत नाही. ताशी 180 किलोमीटर वेगाने जाणारे जुने विमानही येथून अर्ध्या-पाऊण तासात समुद्रावर पोहोचू शकत होते.

सप्टेंबर 1939 मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. त्या वेळी भारतावर इंग्रजांचे राज्य होते. मुंबई आणि कराची ही पश्चिम किनाऱ्यावरची मोठी बंदरे. सैन्य, दारूगोळा, धान्य, कापूस आणि तेल यांची ने-आण तेथून होई. हजला जाणारे यात्रेकरूही त्या काळी मुंबईहून जहाजानेच जिद्दाला जात. कोकणातील कितीतरी खलाशी या जहाजांवर नोकरी करत. म्हणजे समुद्रात एक जहाज बुडाले, तर कोकणातल्या एखाद्या गावात चूल विझत असे.

समुद्रावरचा शत्रू दिसायला अवघड असतो. पाणबुडी पाण्याखाली लपते. साधे व्यापारी दिसणारे जहाजही शत्रूचे असू शकते. मग पहारा ठेवायचा कसा? येथे थोडे गणित करू. पृथ्वी गोल असल्यामुळे आपल्याला क्षितिजापर्यंतच दिसते. जहाजावर 10 मीटर उंचीवर उभ्या असलेल्या माणसाला साधारण 11 किलोमीटर दूरचे क्षितिज दिसते. तोच माणूस विमानातून 300 मीटर उंचीवर गेला, तर त्याचे क्षितिज जवळजवळ 62 किलोमीटर दूर जाते. अंतर साडेपाच पट वाढले, म्हणजे नजरेखालचा प्रदेश सुमारे तीस पट वाढला. शिवाय वैमानिक एका जागी थांबत नाही, तो पुढे पुढे जात राहतो. म्हणूनच किनाऱ्याचा पहारा विमानांकडे सोपवला गेला.

पण विमाने आणि वैमानिक आणायचे कोठून? भारतीय हवाई दल तेव्हा अगदी बाल्यावस्थेत होते. 8 ऑक्टोबर 1932 रोजी त्याची स्थापना झाली. 1 एप्रिल 1933 रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर त्याची पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे चार ‘वापिटी’ विमाने, सहा अधिकारी आणि 19 ‘हवाई सिपाही’ होते. 1939 मध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हाही संपूर्ण दलात एकच स्क्वाड्रन होती आणि ती वायव्य सरहद्दीच्या कामात गुंतलेली होती. किनारा तर हजारो किलोमीटरचा!

यावर उपाय म्हणून हवाई दलाचे ‘स्वयंसेवक राखीव दल’ उभारण्यात आले. विमान चालवणे ज्यांना आधीच येत होते, अशा नागरी वैमानिकांना त्यात बोलावण्यात आले. असे वैमानिक मिळण्याचे ठिकाण म्हणजे फ्लाइंग क्लब. मुंबईचा फ्लाइंग क्लब 1928 पासून जुहूच्या मैदानावर चालत होता. याच जुहूच्या मैदानावर 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन विमानाने उतरले होते. पिंपरी-चिंचवडच्या नाशिक फाट्यावरील दुमजली उड्डाणपुलाला ज्यांचे नाव दिले आहे, तेच हे टाटा. भारतात वैमानिकाचा परवाना मिळवणारे ते पहिले. तो त्यांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी मिळाला. अशा क्लबांमध्ये हौसेने शिकलेली विद्या दहा वर्षांनी देशाच्या किनाऱ्यावर उपयोगी पडली.

या वैमानिकांच्या ‘किनारा संरक्षण तुकड्या’ बनवण्यात आल्या. मद्रास, मुंबई, कलकत्ता, कराची आणि कोचीन येथे पाच तुकड्या उभ्या राहिल्या. पुढे विशाखापट्टणमला सहावी तुकडी झाली. प्रत्येक तुकडीत नियमित दलातले थोडे अनुभवी अधिकारी असत. बाकी भरणा स्वयंसेवकांचा.

त्यांना मिळालेली विमाने जुनी होती. त्यांतले ‘वापिटी’ आपण नीट पाहू. हे विमान 1927 मध्ये पहिल्यांदा उडाले. त्याला एकावर एक असे पंखांचे दोन मजले होते आणि पंखांवर कापड ताणून बसवलेले होते. इंजिन एकच. बसण्याच्या दोन्ही जागा उघड्या; पुढे वैमानिक आणि मागे निरीक्षक. वारा, ऊन आणि पावसाचे सपकारे थेट तोंडावर येत. त्याचा जास्तीत जास्त वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास होता. त्याच काळात इंग्लंडच्या आकाशात लढणाऱ्या ‘स्पिटफायर’ विमानाचा वेग ताशी साडेपाचशे किलोमीटरहून अधिक होता. यावरून दोहोंमधला फरक तुमच्या लक्षात येईल. शत्रूचे लढाऊ विमान समोर आले असते, तर वापिटीचा निभाव लागणे कठीण होते. वैमानिकांना हे माहीत होते. तरी ते उड्डाण करत.

आता आपण मनानेच अशा एका फेरीवर जाऊ या. तुम्ही मागच्या जागेवर बसला आहात, असे समजा. जुहूचा किनारा मागे पडला. खाली पाणी, वर आभाळ. रस्ता नाही, झाड नाही, मैलाचा दगड नाही. हाताशी होकायंत्र, घड्याळ, नकाशा आणि पेन्सिल. इतक्या वेगाने, या दिशेला, इतकी मिनिटे आलो, म्हणजे आता आपण येथे असू, असा हिशेब तुम्ही नकाशावर मांडत जाता. पण वारा या हिशेबात मोठी गडबड करतो. समजा, तुम्ही एक तास सरळ पश्चिमेला गेलात आणि एक तास सरळ पूर्वेला परत आलात. या दोन तासांत दक्षिणेकडून ताशी 30 किलोमीटर वेगाचा वारा वाहत होता आणि तुम्ही तो हिशेबात धरला नाही. मग तुम्ही जुहूला पोहोचणारच नाही. वाऱ्याने तुम्हांला 60 किलोमीटर उत्तरेला ढकललेले असेल आणि समोर येईल पालघरजवळच्या केळव्याचा किनारा! टाकीत तेल मोजकेच असेल, तर ही चूक जिवावर बेतते. म्हणून निरीक्षक खालच्या लाटा पाहत राहतो. फेस कोणत्या दिशेला पसरतो आहे, लाटा किती मोठ्या आहेत, यावरून वाऱ्याची दिशा आणि जोर ओळखायला तो शिकतो.

मध्येच क्षितिजावर एक काळा ठिपका दिसतो. जहाज! आता त्याची नोंद करायची. ते कोठे दिसले? किती वाजता? कोणत्या दिशेने जात होते? वेग किती असावा? धुराडी किती? ते आपले आहे की परके? या प्रश्नांची उत्तरे नेमकी द्यावी लागत. ‘एक मोठे जहाज कोठेतरी दिसले’ या वाक्याचा लष्कराला काहीही उपयोग नसतो. या नोकरीत नेमके पाहणे आणि नेमके सांगणे ही शस्त्राइतकीच महत्त्वाची गोष्ट होती.

पावसाळ्यात तर कसोटी लागे. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले, की ढग खाली उतरत आणि क्षितिजच नाहीसे होई. जुहूच्या मैदानात पाणी साचे. युद्धापूर्वी टाटांच्या टपाल विमानांनाही पावसाळ्यात मुंबई सोडून पुण्याचा आसरा घ्यावा लागत असे.

तुम्ही विचाराल, इतकी जुनी विमाने पाणबुडीचे काय वाकडे करणार? त्यांच्या पंखांखाली काही बॉम्ब असत, हे खरे. पण त्यांचा खरा उपयोग वेगळाच होता. त्या काळची पाणबुडी पाण्यावर वेगाने जाई. पाण्याखाली मात्र तिला विजेच्या बॅटरीवर अगदी हळू चालावे लागे. आकाशात विमान दिसले, की ती बुडी मारून लपत असे. एकदा ती पाण्याखाली गेली, की पुढे निघून गेलेल्या जहाजाला गाठणे तिला जवळजवळ अशक्य होई. म्हणजे एकही बॉम्ब न टाकता, केवळ आकाशात फिरत राहून, विमान जहाजाचे रक्षण करत होते. रात्री गस्त घालणाऱ्या पहारेकऱ्याची काठी वाजली, की चोर पुढे येत नाही, तसेच हे!

या तुकड्या म्हणजे शाळाही होत्या. नागरी वैमानिकाला विमान उडवता येत होते. पण रांग धरून उडणे, दूरच्या समुद्रावर दिशा न चुकणे, जहाजांचे प्रकार ओळखणे, मशीनगन चालवणे आणि संदेश पाठवणे हे सारे नवे होते. ते येथे काम करता करता शिकले जाई. जमिनीवरचे कारागीरही शिकत होते. जुने इंजिन चालू ठेवण्यासाठी त्यांना प्रयत्नांची शिकस्त करावी लागे. खाऱ्या हवेने धातूला गंज चढतो आणि उन्हापावसाने पंखांचे कापड खराब होते. समुद्रावर इंजिन बंद पडले, तर दुसरे इंजिन नाही. म्हणून वर गेलेल्या दोघांचा जीव खाली राहिलेल्या कारागिराच्या हातात असे. पिंपरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या मुलांना हे वेगळे समजावून सांगायला नको. एक नट सैल राहिला तर काय होते, हे तुम्ही घरी ऐकलेच असेल.

या पहाऱ्यात बहुतेक दिवशी काहीच घडत नसे. तास-दोन तास पाणी पाहायचे आणि वहीत लिहायचे, की शत्रू दिसला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अशा कामाचा कंटाळा येणे स्वाभाविक आहे. पण समुद्रावर डोळे लावून बसलेल्या एका माणसामुळे किती फरक पडतो, हे एप्रिल 1942 मध्ये दिसून आले. लिओनार्ड बर्चल नावाचा कॅनडाचा वैमानिक 4 एप्रिल रोजी श्रीलंकेच्या दक्षिणेकडील समुद्रावर आपल्या ‘कॅटलिना’ विमानातून टेहळणी करत होता. संध्याकाळी त्याला जपानचे प्रचंड आरमार दिसले. पळून न जाता तो आणखी जवळ गेला आणि त्याच्या विमानातून संदेश सुटला. संदेश जात असतानाच जपानी विमानांनी त्याचे विमान पाडले. त्याचे काही साथीदार मारले गेले. तो स्वतः कैद झाला आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिला. पण संदेश पोहोचला होता. दुसऱ्या दिवशी, 5 एप्रिलला, कोलंबोवर हल्ला झाला, तेव्हा शहर सावध होते आणि बरीच जहाजे आधीच बंदराबाहेर हलवली गेली होती. 6 एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाडा येथेही जपानी बॉम्ब पडले. युद्ध भारताच्या किनाऱ्याला येऊन भिडले होते.

पहाऱ्यालाही मर्यादा असतात, हे आपण विसरू नये. ‘तिलावा’ नावाचे प्रवासी जहाज 20 नोव्हेंबर 1942 रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघाले. त्यावर 958 माणसे होती. 23 नोव्हेंबरला भर समुद्रात एका जपानी पाणबुडीने ते बुडवले. 280 माणसे मृत्युमुखी पडली. 678 जणांना दुसऱ्या जहाजांनी वाचवले. ती जागा किनाऱ्यापासून इतकी दूर होती, की जुहूहून निघालेले छोटे विमान तेथवर पोहोचूच शकले नसते. जेथपर्यंत विमान जाई, तेथपर्यंतच त्याचे छत्र. म्हणून लांब पल्ल्याची, नवी विमाने हवीत, हे उघड झाले होते.

30 नोव्हेंबर 1942 रोजी किनारा संरक्षण तुकड्या बंद करण्यात आल्या. पण तेथे शिकलेली माणसे वाया गेली नाहीत. 1 डिसेंबर 1942 रोजी भारतीय हवाई दलाच्या सातव्या आणि आठव्या स्क्वाड्रन उभ्या राहिल्या. या तुकड्यांतील माणसे त्यांच्या उपयोगी पडली. त्यांना ‘व्हेन्जन्स’ नावाची नवी बॉम्बफेकी विमाने मिळाली. दोन्ही स्क्वाड्रन पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढल्या.

या तुकड्यांत शिकलेल्या एका तरुणाचे नाव तुम्ही अवश्य लक्षात ठेवावे. ते म्हणजे इद्रिस हसन लतीफ. त्यांचा जन्म 1923 मध्ये हैदराबादला झाला. जानेवारी 1942 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते हवाई दलात अधिकारी झाले. अंबाल्याचे शिक्षण संपल्यावर त्यांची नेमणूक कराचीच्या किनारा संरक्षण तुकडीत झाली. तेथे वापिटी, ऑडॅक्स आणि हार्ट या जुन्या विमानांतून ते अरबी समुद्रावर पाणबुड्यांचा माग काढत असत. कराचीचे नाव पिंपरी कॅम्पातील सिंधी कुटुंबांना परके नाही. फाळणीनंतर ती सिंधमधूनच येथे आली. पुढे लतीफ यांना इंग्लंडला पाठवण्यात आले. तेथे ते हरिकेन आणि स्पिटफायर चालवायला शिकले. परतल्यावर त्यांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर कामगिरी बजावली.

1947 मध्ये देशाची फाळणी झाली आणि हवाई दलाचीही वाटणी झाली. विमाने वाटली गेली, तशी माणसेही. लतीफ यांच्याबरोबरचे काही मुस्लिम अधिकारी पाकिस्तानात गेले आणि तेथे मोठ्या पदांवर चढले. लतीफ यांनी भारत निवडला. ज्या कराचीच्या किनाऱ्यावर त्यांनी पहारा दिला होता, तो किनारा आता दुसऱ्या देशाचा झाला होता. 1 सप्टेंबर 1978 रोजी ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. हे पद भूषवणारे ते पहिले मुस्लिम अधिकारी होत. 1981 मध्ये ते निवृत्त झाले आणि 1982 ते 1985 या काळात ते आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. 30 एप्रिल 2018 रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

येथे एक प्रश्न मनात येतो. हे तरुण इंग्रजांच्या राज्यात, इंग्रजांच्या हुकमाखाली पहारा देत होते. 1942 मध्येच ‘भारत छोडो’चा लढा पेटला होता. मग त्यांची सेवा कोणाच्या कामी आली? याचे उत्तर सोपे नाही आणि घाईने देऊही नये. पण दोन गोष्टी निश्चित सांगता येतात. राज्य इंग्रजांचे असले, तरी किनारा आपला होता आणि जहाजांवर खलाशी, व्यापारी आणि यात्रेकरू आपलेच होते. दुसरी गोष्ट अशी, की इंग्रज गेले तेव्हा राज्य सोडून गेले; शिकलेली विद्या मात्र शिकणाऱ्यांकडेच राहिली. विद्या कोणी परत मागून नेऊ शकत नाही.

आज किनाऱ्याची राखण नौदल आणि 1977 मध्ये सुरू झालेले तटरक्षक दल करते. त्यांच्याकडे रडार आहे, लांब पल्ल्याची विमाने आहेत. तरीही 26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी समुद्रमार्गानेच आले. यंत्रे कितीही चांगली झाली, तरी जागा राहणारा माणूस लागतोच, हा त्याचा धडा. म्हणून आता किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांनाही पहाऱ्यात सामील करून घेतले जाते. परकी होडी आणि ओळखीची होडी यांतला फरक त्यांच्याइतका कोणाला कळणार?

मित्रांनो, कारखान्यात रात्रपाळीला बॉयलरजवळ बसलेला कामगार पहाटेपर्यंत दाबाचा काटा पाहत असतो. काही घडले नाही, तर त्याचे नाव कोठे छापून येत नाही. पण काही घडले नाही, हेच त्याच्या कामाचे फळ असते. किनाऱ्यावरच्या त्या वैमानिकांच्या वहीतील ‘शत्रू दिसला नाही’ या नोंदीचे मोलही तेवढेच आहे. तुम्ही ज्या कामावर जाल, तेथे अशी एखादी नोंद खरी आणि नेमकी लिहायला शिका.

शब्दार्थ

टेहळणी – दुरून लक्ष ठेवणे, निगराणी
क्षितिज – जेथे आकाश आणि पृथ्वी मिळाल्यासारखी दिसतात ती रेषा, उफुक
होकायंत्र – दिशा दाखवणारे यंत्र, कुतुबनुमा
पाणबुडी – पाण्याखालून जाणारी युद्धनौका
आरमार – लढाऊ जहाजांचा ताफा
निभाव लागणे – टिकून राहणे
जिवावर बेतणे – प्राण जाण्याची वेळ येणे
माग काढणे – खुणांवरून शोध घेणे
प्रयत्नांची शिकस्त करणे – शक्य तेवढे सर्व प्रयत्न करणे

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लोहगावचा विमानतळ 1939 मध्ये कशासाठी उभारला गेला?
(आ) किनारा संरक्षण तुकड्या कोणकोणत्या शहरांत होत्या?
(इ) बर्चल याने 4 एप्रिल 1942 रोजी काय पाहिले?

प्र. 2. कारणे द्या.
(अ) विमान दिसताच पाणबुडी लपत असे, एवढ्यानेही जहाजाचे रक्षण होई.
(आ) निरीक्षक खालच्या लाटांकडे सतत पाहत असे.
(इ) ‘तिलावा’ जहाजाला जुहूच्या विमानांचे संरक्षण मिळू शकले नसते.

प्र. 3. पुढील शब्द उर्दूतही आहेत. उर्दूत आणि मराठीत त्यांचा अर्थ सारखा आहे की वेगळा, ते घरच्या मंडळींना विचारून लिहा.
दर्या, जहाज, शिकस्त, बंदर, राजीनामा, लष्कर

प्र. 4. वाक्यांत उपयोग करा.
निभाव लागणे, माग काढणे, जिवावर बेतणे

प्र. 5. पुढील प्रश्नाचे उत्तर आठ-दहा वाक्यांत लिहा.
ज्यांच्या कामामुळे ‘काहीही वाईट घडत नाही’, अशी तुमच्या परिसरातील कोणतीही दोन कामे निवडा. ती करणाऱ्यांना काय काय शिकावे लागते, ते त्यांना भेटून लिहा.